एक हात खिशात

आमच्या शेजारचे पुसदकर काका एका हाताने नमस्कार करतात. उजवा हात छातीशी येतो, मान झुकते आणि डावा हात पँटच्या खिशात असतो तो तिथेच राहतो. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये आम्ही घर घेतलं, तेव्हा मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. या गृहस्थांनी मला असा अर्धा नमस्कार घातला, त्याच हाताने पेढा उचलला आणि दार पायाने लोटून घेतलं. मी पुण्याची आहे. अपमान करण्याची कला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यामुळे दुसऱ्याने केलेला अपमान मला लांबूनच ओळखू येतो. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "शेजारी उद्धट आहे." तो म्हणाला, "हाताला काही लागलं असेल गं." माझा नवरा सगळ्यांचं चांगलंच बघतो. मला त्याचाही राग येतो.

हाताला काहीही लागलेलं नव्हतं. पहिला बर्फ पडला तेव्हा काका एका हाताने ड्राइव्ह-वे शोव्हल करताना दिसले. फावडं काखेत, डावा हात खिशात, आणि उडालेला निम्मा बर्फ आमच्या बाजूला. मग मात्र मी विचारलंच.

"पोरी," काका त्यांच्या नागपुरी ठसक्यात म्हणाले, "ट्यूबच्या अँपमध्ये, म्हणजे जुन्या अँप्लिफायरमध्ये, शेकडो व्होल्ट असतात. बंद केला तरी आत भरून राहतात. दोन्ही हात घातले, तर करंट ह्या हातातून घुसतो, त्या हातातून निघतो. मधात कोण बसून राहिलं? हृदय. म्हणून एक हात खिशात."

"पण काका, हा बर्फ आहे."

"सवय सुटली की माणूस मेला," काका म्हणाले, आणि अजून एक फावडंभर बर्फ आमच्याकडे आला.

आमची दोन घरं एकमेकांना चिकटून आहेत. मध्ये एकच भिंत, तीही कॅनडातली, म्हणजे पुठ्ठ्याची. भिंतीच्या पलीकडे काकांचं बेसमेंट आणि अलीकडे माझं ऑफिस. मी घरून काम करते. हे व्यक्तिचित्र मी त्याच भिंतीकडे पाठ करून लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

काका आयुष्यभर इथल्या मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गाडीचा दरवाजा आणि चौकट यांच्यामधली फट मोजायची, हे त्यांचं काम. फट जास्त असली की गाडी परत, कमी असली तरी गाडी परत. कारखान्यातून निवृत्त झाले, फटीतून झाले नाहीत. त्यांच्याशी बोलताना कुठलंही वाक्य पूर्ण करायच्या आत समोरून प्रश्न येतो, "मोजलं का?" आज गारठा आहे म्हणा, "मोजलं का?" आमटी खारट झाली म्हणा, "मोजलं का?" एकदा नलूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या की अंगात कणकण वाटतेय. काकांनी तोच प्रश्न विचारला. काकू म्हणाल्या, "कणकण मोजत नाहीत. कणकण भोगतात." आणि कपाळाला बाम लावून झोपल्या.

मी पहिल्यांदा तक्रार घेऊन गेले तेव्हाची गोष्ट. "काका, तुमच्या बेसमेंटमधून फार आवाज येतो."

"किती?"

"फार."

"फार म्हणजे किती? मोजलं का?"

मी दुसऱ्या दिवशी फोनवर आवाज मोजायचं ॲप उतरवून घेतलं, भिंतीला फोन लावला, आकडा आला तो नेऊन त्यांच्या नाकासमोर धरला. काकांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फोनचा माइक भंगार असतो," म्हणाले. त्या दिवशी मी नगरपालिकेच्या बायलॉ ऑफिसला कम्प्लेंट करायला निघाले होते. नवऱ्याने गाडीची किल्ली लपवली.

काकांना जगात एकाच गोष्टीची खरी चीड आहे. फाटलेला आवाज. दुकानातली अनाउन्समेंट, शेजारच्या गाडीतलं गाणं, बसचा ब्रेक, काहीही असो, आवाज जरा चिरफाळला की काकांच्या कपाळावरची शीर उडायला लागते. "फाटून राहिला ना बे!" हे ते माणसाला म्हणत नाहीत, यंत्राला म्हणतात. गणपतीत इथल्या मराठी मंडळाने शाळेचं जिम घेतलं होतं. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, आणि स्पीकरमधून असा आवाज यायला लागला की वाटावं कुणीतरी ताडपत्री फाडतंय. काका उठले, खिशातल्या हातासकट भिंतीपर्यंत चालत गेले आणि प्लग उपटला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, माझं भाषण!" काका म्हणाले, "ते बी फाटूनच राहिलं होतं."

आता त्या अँपबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. हे मला काकूंकडून कळलं, म्हणजे मी भांडायला गेले होते आणि त्यांनी चहाला बसवलं.

काकांना एकच मुलगी, केतकी. लहानपणी तिला शेजारच्या किचनर गावात एका बाईंकडे गाणं शिकायला घातलं होतं. काका दर शनिवारी तिला गाडीने न्यायचे. कॉलेजात गेल्यावर तिने गाणं सोडलं आणि गिटार धरली. कुणाच्या तरी यार्ड सेलमधून तिने एक जुना ट्यूबचा अँप्लिफायर उचलून आणला, काकांच्या लग्नाच्याही आधीचा. गिटारची वायर त्यात खुपसायची आणि घर हलवायचं. मग तिचा बँड झाला, आणि डाउनटाउनमधल्या एका हॉलमध्ये पहिला कार्यक्रम ठरला. तिने आईबाबांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

"गाणं अर्ध्यावर आलं," काकू म्हणाल्या, "गिटार अशी गरजली म्हणतेस! आणि हे उठले. सरळ स्टेजवर. तिला वाटलं, बाबा कौतुक करायला आले. हसलीसुद्धा गं ती यांच्याकडे बघून. आणि यांनी वाकून अँपचं बटण कमी केलं. वर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझा आवाज फाटून राहिला, मशीनमध्ये दोष आहे."

"मग?"

"मग काय. लोक खो खो हसले. तिने गिटार खाली ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेली. पुढे मॉन्ट्रियललाच गेली. तेव्हापासून फोन मला. 'आई, बाबांना सांग.' हे इथे सोफ्यावर बसलेले असतात, तिला माहीत असतं, तरी 'बाबांना सांग.' टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात ना? भांडण मात्र यांनी एका हाताने केलं."

अँप मागेच राहिला. त्याच रात्री त्यातून धूर निघाला होता, म्हणून नेण्यात अर्थ नव्हता. कितीतरी वर्षं तो बेसमेंटमध्ये चादरीखाली होता. या हिवाळ्यात केतकीचा फोन आला की बँडचं रेकॉर्डिंग आहे, त्या जुन्या अँपची फार आठवण येते. "बाबांना सांग, तो नीट झाला तर मी येऊन घेऊन जाईन. नाही झाला तर फेकून द्या." काका जिन्यात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता ते बेसमेंटमध्ये उतरले, आणि माझे हाल सुरू झाले.

काकांनी तो अँप पार हाडापर्यंत सोलला. जळके भाग काढले, नवे कपॅसिटर, नवे रेझिस्टर, नव्या ट्यूबा घातल्या. काकूंचा मिसळणाचा डबा खाली गेला. मोहरीच्या वाटीत एक प्रकारचे रेझिस्टर, हळदीच्या वाटीत दुसऱ्या. काकूंनी आरडाओरडा केला, तेव्हा "वाट्या मोजून सात आहेत, मला सातच पाहिजेत," असं उत्तर मिळालं. शेवटी एकदाचा अँप सुरू झाला. ट्यूबा नारिंगी उजळल्या, धूर आला नाही, आणि आवाज आला. फाटलेला.

तिथून पुढे रोज सकाळी मी लॅपटॉप उघडला की भिंतीपलीकडून घोंऽऽ सुरू व्हायचं. एकसारखं, न थांबता, घोंऽऽ घोंऽऽ, आणि त्यावर एक बारीक चिरचिर. मध्येच बंद व्हायचं, काकांची एक नागपुरी शिवी ऐकू यायची, आणि पुन्हा घोंऽऽ. मीटिंगमध्ये आमची मॅनेजर लिंडा म्हणाली, "इज देअर अ बी इन युवर रूम?" मी म्हणाले, मधमाशी नाही, शेजारी आहे. ती म्हणाली, "युवर नेबर इज अ बी?" सगळी टीम हसली. मी लाटणं घेऊन भिंत बडवली. पलीकडून काकांनीही बडवली.

ड्राइव्ह-वेवर गाठ पडली की आमची जुंपायची. काकांनी ट्यूबा बदलल्या, तरी फाटून राहिला. कपॅसिटर पुन्हा बदलले, तरी फाटून राहिला. चायनीज हॉटेलातून आणलेल्या लाकडी काडीने आतली एकेक वायर ढोसून बघितली, कुठली हलली की आवाज बदलतो ते पाहायला. कुठलीच बदलेना. अँप उचलून गिटारांच्या दुकानात नेला, तर तिथला दाढीवाला गिटार लावून डोळे मिटून म्हणाला, "दॅट्स द टोन, सर. पीपल किल फॉर दॅट." काका परत आले आणि गाडीचं दार असं आपटलं की त्याची फट नक्की वाढली असणार. "ह्या देशात भंगाराला टोन म्हणतात!"

"अहो, बरोबर म्हणाला तो," मी ओरडले. "गिटारवाल्यांना फाटलेलाच आवाज हवा असतो. द्या तसाच! केतकीला आवडेल आणि मला काम करता येईल!"

काका म्हणाले, "पोरी, चारचौघात तिच्या आवाजाला फाटका म्हटलो मी. आता माझ्याच हातचा फाटका देऊ? काय तोंडाने देऊ?"

मी जास्तच चिडले आणि घरात निघून आले.

कडेलोट झाला तो माझ्या प्रेझेंटेशनच्या दिवशी. माझं प्रमोशन त्याच्यावर अवलंबून होतं. मी तोंड उघडलं आणि घोंऽऽ. लिंडा अगदी समजूतदारपणे म्हणाली, "वुड यू लाइक टु फिनिश युवर मेडिटेशन फर्स्ट?" मी लॅपटॉप मिटला. घरातल्या चपलांनिशी बर्फातून शेजारी गेले. काकूंनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बेसमेंटच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

मी धाडधाड खाली उतरले. ओरडायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं.

सोफ्यावर उशी टेकवून एक तंबोरा आडवा झोपवला होता. अंगावर काकूंची शाल. भोपळ्याशेजारच्या लाकडावर चिकटपट्टीने एक चपटा माइक चिकटवला होता आणि त्याची वायर थेट अँपमध्ये गेली होती. सोफ्यासमोर इस्त्रीचं टेबल, त्याला शिकंज्यात आवळलेली गाडीच्या वायपरची मोटर, तिच्या दांड्याला दह्याच्या डब्याच्या झाकणाची कापलेली पट्टी. मोटर फिरत होती आणि ती पट्टी तंबोऱ्याच्या तारांवरून जात होती, येत होती, जात होती, येत होती. पावसात काच पुसावी तशी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सिग्नल," काका म्हणाले. "अँप तपासायचा तर आत काहीतरी सोडावं लागते ना. गिटार मला येत नाही. हा एकसारखा चालते, थांबत नाही. ह्याला वाजवायला कायची अक्कल लागते?"

मी पुण्यात दहावीपर्यंत गाणं शिकले आहे. आमच्या बाईंनी तंबोऱ्याला पाय लागला म्हणून मला आठवडाभर नुसता षड्ज लावायला बसवलं होतं. माझ्या डोक्यात कसली तिडीक गेली ते सांगता येत नाही. मी मोटर बंद केली. अँप बंद केला. तारा हाताने छेडल्या आणि म्हणाले, "या इकडे. कान लावा."

काका वाकले, एक हात खिशात, आणि भोपळ्याला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"फाटून राहिला," म्हणाले.

"अँप बंद आहे, काका!"

काकांनी अँपकडे पाहिलं. तंबोऱ्याकडे पाहिलं. माणसाचा इतका मोठा आधार निखळताना मी पाहिला नव्हता. पण क्वालिटी इन्स्पेक्टर सहजासहजी हार मानत नाही. "म्हणजे," ते म्हणाले, "तंबोऱ्यात दोष आहे."

"दोष नाही हो! जवारी आहे ती! हे बघा, इथे खाली, जिथे तारा लाकडावर टेकतात, तिथे प्रत्येक तारेखाली एक धागा सरकवलेला असतो. त्यानेच हा आवाज येतो. हा बघा, हा—" मी धाग्याकडे बोट नेलं.

"हात नको लावू!"

काकांचं ओरडणं मला नवीन नव्हतं. भिंतीआडून रोज ऐकत होते. पण हे वेगळं होतं. मी हात मागे घेतला.

"तो केतकीने लावला आहे," काका म्हणाले. "शेवटी वाजवला तेव्हाचा. मी सगळा तंबोरा पुसला, तारा मीटर लावून जुळवल्या, पण धागे जिथे होते तिथेच ठेवले. काय आहे ते माहीत नव्हतं. तिने लावले म्हणजे असेल काही, म्हटलं."

जिन्यावरून काकू म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तंबोरा असाच वाजतो म्हणून. मला म्हणाले, मोजलंस का? म्हटलं, बसा मग मोजत."

मला तिघांचाही राग आला, त्यात मीही होते, कारण इतके दिवस भिंतीपलीकडचा आवाज मला ओळखू आला नव्हता. "तुमच्याकडे सिग्नल द्यायचं साधं यंत्र नाही का, काका? एवढं सगळं आहे इथे!"

काकांनी नजर चुकवली. त्यांच्या मागे फळीवर एक राखाडी पेटी होती, 'सिग्नल जनरेटर' असं लिहिलेली, पुसून लख्ख ठेवलेली. मी तीच ओढून पुढे आणली. काकांनी मुकाट्याने वायर बदलली. अँपमधून एक सरळ, स्वच्छ सूर आला, आणि बाजूच्या यंत्रावरच्या हिरव्या रेषेने गुळगुळीत लाटा काढल्या. कुठे चिरचिरही नव्हती. अँप नीट होता. बहुधा पहिल्या दिवसापासून नीट होता.

"मग हे का नाही लावलं?" मी विचारलं. ओरडूनच विचारलं.

"घरात तंबोरा वाजला की तुझ्या काकूला बरं वाटते," काका म्हणाले.

"माझ्यावर ढकलू नका," काकू जिन्यावरून म्हणाल्या. "मी कानात कापूस घालून फिरते. स्वतःच तासन्‌तास समोर बसून राहतात."

काका सोफ्याच्या कडेला बसले. म्हणाले, "तो धागा. मुद्दाम घालतात?"

"मुद्दाम. काढला तर तंबोरा मुका होतो. सरकवत सरकवत बरोबर जागा शोधायची, मग आवाज फुलतो."

"म्हणजे चांगला आवाज मुद्दाम फाडून राहिले. आणि हे पोरीला शिकवून राहिले."

"हो."

"तिला माहीत होतं हे?"

"सगळ्यात आधी तेच शिकवतात, काका."

काका खाली बघत म्हणाले, "मी बाहेर गाडीत बसत होतो. दर शनिवारी. हीटर लावून, काचा बंद करून. आत काय शिकवतात ते कधी ऐकलंच नाही मी."

मला त्या वेळी दया यायला हवी होती. मला संताप आला. इतकी वर्षं पोरीला बर्फातून नेलं, आणलं, दारात तासभर थांबले, आणि या माणसाला एक काच खाली करता आली नाही? मी वर आले. काकूंनी माझ्या पायांत स्वतःचे बूट घातले आणि घरी पाठवलं.

केतकी शनिवारी दुपारी आली. काकूंनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं. "तू ये गं, मंजिरी. परक्या माणसासमोर दोघं कमी ओरडतात." केतकी मॉन्ट्रियलहून गाडी चालवत आली होती, थकली होती, आणि रागात तर बापावर गेली होती. जॅकेटसुद्धा काढलं नाही. काका तिच्यापासून दोन पावलांवर उभे होते, आणि ती म्हणाली, "आई, बाबांना सांग, आय कान्ट स्टे लाँग."

काका म्हणाले, "नलू, तिला सांग, आधी लावून बघ म्हणावं. मग ने."

सगळे खाली गेलो. तिने गिटारची वायर लावली, एक तार छेडली. स्वच्छ सूर. तिची भुवई वर गेली. मग तिने कुणाकडेही न बघता बटण फिरवलं, शेवटपर्यंत, आणि गिटारवर हात मारला.

खोली भरून गेली. मिसळणाच्या डब्याच्या वाट्या खडखडल्या. आवाज नुसता फाटला नाही, फाटून चहूकडे पसरला, आणि त्याच वेळी काकांचा उजवा हात वर आला. बटणाच्या दिशेने. आम्ही तिघींनी पाहिलं.

केतकीचा हात तारांवर थांबला. "डोन्ट यू डेअर, बाबा."

एवढ्या वर्षांत ती थेट बापाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. काकांचा हात हवेत होता. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग त्यांनी तो उजवा हातही खिशात घातला. दोन्ही हात दोन खिशांत घालून ते शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे राहिले, आणि म्हणाले, "वाजव."

तिने वाजवलं. पूर्ण गाणं. संपल्यावर बराच वेळ अँपमधून एक बारीक गुणगुण येत राहिली.

"फाटून राहिला," काका म्हणाले.

केतकीचा जबडा आवळला.

"मुद्दाम आहे ना?"

ती बघतच राहिली. "हो," म्हणाली.

"मग ठीक आहे."

ती काही बोलणार होती, पण तेवढ्यात तिचं लक्ष सोफ्याकडे गेलं. शाल, चिकटपट्टी, इस्त्रीचं टेबल, वायपरची मोटर. "बाबा! व्हॉट द हेल इज दिस?"

"सिग्नल," काका म्हणाले.

"यू पुट अ वायपर ऑन माय तानपुरा?" तिने दह्याचं झाकण ओरबाडून काढलं, चिकटपट्टी ओढून काढली, बापाला दोन भाषांत शिव्या घातल्या, एक फ्रेंचही असावी. मग तिची बोटं तारांच्या खाली गेली, आणि ती थांबली. "हे धागे माझे आहेत?"

"हात नाही लावला," काका म्हणाले.

केतकी सोफ्यावर बसली. जॅकेटची चेन ओढली, जॅकेट काढून बाजूला टाकलं. तंबोरा उभा केला, डोळे पुसले, आणि पुन्हा रागाने म्हणाली, "बसा इथे. मोटर लावतात का कधी? हाताने वाजवायचा असतो. डावा हात काढा."

"कायले?"

"धरायला! एका हाताने धरायचा, एका हाताने छेडायचा. बाहेर काढा तो हात, बाबा."

काकांनी आधी अँपचा प्लग भिंतीतून काढून ठेवला. मग डावा हात खिशातून काढला. मी तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिला. उजव्यासारखाच होता.

अँप मॉन्ट्रियलला गेला. तंबोरा इथेच राहिला, माझ्या नशिबाने. आता रोज सकाळी काका तो स्वतः वाजवतात. वायपर निदान लयीत होता. काका एक तार घाईने छेडतात, दुसरी विसरतात, तिसरीवर रेंगाळतात. रविवारी केतकी फोनवरून ऐकते आणि "बाबा, यू आर रशिंग!" म्हणून ओरडते, काका "मोजलंस का?" म्हणून ओरडतात, आणि भिंतीतून मला दोघांचं भांडण जसंच्या तसं ऐकू येतं. माझं लाटणं पोळपाटावर परत गेलं आहे. राग गेलेला नाही.

काल मीटिंगमध्ये लिंडाने विचारलं, "इज द बी बॅक?"

"नो," मी म्हणाले. "दॅट्स माय नेबर, प्लेइंग."

"इज ही एनी गुड?"

"नो," मी म्हणाले, आणि म्यूट केलं नाही.